खिचडीपुरता संन्यास

मराठी घरात उपवासाच्या सकाळी पहिली आठवण साबुदाण्याची होते; देवाचा नंबर त्यानंतर. ‘साबुदाणा भिजवला होता ना?’ हा प्रश्न अंथरुणातूनच विचारला जातो आणि उत्तर ‘अगं बाई, राहिलाच!’ असं आलं, तर पुढचे दोन तास त्या घरात कोणत्याच इंद्रियाचा निग्रह होत नाही. काल रात्री आपण काय जेवलो हे ज्या गृहस्थाला एरवी आठवत नाही, तो उपवासाच्या दिवशी सकाळी सातलाच दुपारच्या रताळ्याच्या किसाची आणि संध्याकाळच्या बटाट्याच्या पापडाची चौकशी करून ठेवतो. वर्षाला चोवीस एकादश्या, अधिक महिना आला की सव्वीस. बारा-तेरा संकष्ट्या. शिवाय ज्याचा त्याचा वार: कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार, कोणाचा मारुतीसाठी शनिवार. एवढे दिवस आपण अन्न सोडतो आणि नेमके तेवढेच दिवस अन्नाचा इतका एकाग्र विचार करतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्यावर कोणा शत्रूने रचलेली नाही. घरच्याच कोणीतरी, बहुधा खिचडी परतता परतता, केलेली असावी.

आपल्याला कोणी ढोंगी म्हटलेलं मला आवडत नाही. आपण कायदा पाळतो. फक्त पाळण्याआधी तो फार बारकाईने वाचतो. महाभारतातलं एक वचन व्रत करणाऱ्यांच्या नेहमी कामी येतं. आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, असं ते सांगतं: पाणी, मुळं, फळं, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध. यादी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अरण्यात कंदमुळं खाऊन राहणारा कोणी कृश ऋषी असेल. दादरला किंवा सदाशिव पेठेत राहणारा, पंख्याखाली बसून ती यादी वाचणारा माणूस त्याने पाहिलेला नव्हता.

‘मुळं’ या कलमाखाली रताळं आत आलं. ते खरोखरच मूळ आहे, त्याबद्दल तक्रार नाही. त्याच्या पाठोपाठ बटाटा आला. वनस्पतिशास्त्र म्हणतं, बटाटा हे मूळ नव्हे, ते जमिनीत फुगलेलं खोड आहे. पण उपवासाच्या दिवशी वनस्पतिशास्त्राला स्वयंपाकघरात कोण उभं करतं? सगळ्यांवर कडी केली ती शेंगदाण्याने. जातीने तो हरभरा, तूर, मूग यांच्या भावकीतला. हरभऱ्याची डाळ चालत नाही, मूग चालत नाही, तुरीचं तर नाव काढायचं नाही; आणि त्यांचाच हा चुलतभाऊ केवळ जमिनीखालून उगवला म्हणून खिचडीत कूट होऊन, वाटीत आमटी होऊन आणि डब्यात लाडू होऊन राजरोस बसला आहे. शेंगा जर वेलावर, लोकांच्या डोळ्यांदेखत लागल्या असत्या, तर आज मराठी उपवासाचं काय झालं असतं या विचाराने मला घाम फुटतो. चहाचं नाव आठांत कुठेच नाही. पण पाणी चालतं आणि दूध चालतं. दोन्ही कलमं एकत्र करून उकळली की चहा होतो. तंबाखू तर मूळही नाही आणि फळही नाही. मात्र पानाला मनाई केल्याचं कोणी दाखवून देत नाही तोवर चंची बंद करायचं कारण नाही, असं आमच्या ओळखीच्या एका निष्ठावंत सोमवारवाल्याचं म्हणणं आहे.

आता या ताटाकडे जरा इतिहासाच्या बाजूने पाहा. बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची, राजगिरा आणि ज्यापासून साबुदाणा होतो तो कंद, हे सगळे मूळचे अमेरिका खंडांतले रहिवासी. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोहोचला, वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि त्यांच्या जहाजांतून पुढे ही मंडळी एकेक करून आपल्याकडे आली. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगून झाली तेव्हा एकादशीच्या ताटात यातलं काहीही नव्हतं, खिचडीवरची मिरचीसुद्धा नव्हती. तेव्हाचे लोक शिंगाडे, सुरण, दूध आणि फळं यांवर दिवस काढत असणार. म्हणजे ते उपवास करत होते, असंही म्हणता येईल.

मला वाटतं, शास्त्रकारांनी निषिद्ध धान्यांच्या याद्या केल्या त्या त्यांना माहीत असलेल्या धान्यांच्या. परदेशातून नवं कोणी आलं तर त्याचं यादीत नाव कसं असणार? आणि ज्याचं यादीत नाव नाही त्याला मराठी माणूस कशाला अडवील? अशा रीतीने जगातलं सर्वांत पिष्टमय आणि सर्वांत तेलकट असं जे जे म्हणून आलं, ते ते थेट उपवासाच्या खात्यात जमा झालं. शंभर ग्रॅम साबुदाण्यात साधारण ३५० उष्मांक असतात, तेवढ्याच शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर. वर साजूक तूप. एवढं खाऊन माणूस दुपारी आडवा होतो, आणि घरातले लोक आवाज खाली करतात, कारण त्याचा उपवास आहे.

साबुदाण्याची कथा तर स्वतंत्र आहे. मूळचा साबुदाणा आग्नेय आशियात एका जातीच्या ताडाच्या बुंध्यातून काढतात. आपण खातो तो टॅपिओकाच्या कंदाचा. हा कंद केरळात रुजवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी पुष्कळ खटपट केली, गरिबांच्या पोटाला आधार म्हणून. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पूर्वेकडून येणारा माल थांबला आणि तमिळनाडूत सेलमच्या आसपास याच कंदाचा साबुदाणा करण्याचा धंदा जोरात सुरू झाला. आजही आपल्या एकादशीची किल्ली सेलमच्या कारखानदारांच्या हाती आहे. म्हणजे आपल्या सनातन खिचडीचा सध्याचा कच्चा माल माझ्या आजोबांपेक्षा वयाने लहान. आणि केरळात हाच कंद उकडून कशाबरोबर खातात? माशाच्या लालभडक कालवणाबरोबर. ही गोष्ट आमच्या आत्याला मी अजून सांगितलेली नाही. काही घरांत समुद्राचं मीठ उपवासाला नको म्हणून सैंधव वापरतात. ते पिढ्यान्‌पिढ्या येत आलं ते खेवड्याच्या खाणीतून, जी आता पाकिस्तानात आहे. ब्राझीलचा कंद, पेरूचा बटाटा, मेक्सिकोची मिरची आणि पाकिस्तानचं मीठ. एवढं आंतरराष्ट्रीय सामंजस्य कोणत्या परिषदेला जमलंय?

आत्याचा उल्लेख आलाच आहे तर तिच्याबद्दल सांगायला हवं. प्रत्येक मराठी कुटुंबात उपवासाच्या बाबतीत एक सर्वोच्च न्यायालय असतं. आमच्याकडे ते आत्याकडे आहे. काय चालतं आणि काय चालत नाही, याचा निकाल ती देते आणि त्यावर अपील नाही.

“आत्या, कोथिंबीर चालते का गं?”

“एकादशीला नाही. संकष्टीला चालते.”

“आणि जिरे?”

“जिरे चालतात. मोहरी चालत नाही. हळद, हिंग नाही.”

“का पण?”

“आपल्याकडे तसंच आहे.”

यापुढे युक्तिवाद संपतो. ‘आपल्याकडे’ या प्रदेशाची सीमा मात्र कोणत्याही नकाशात सापडत नाही. वरीचे तांदूळ शिवरात्रीला चालतात; एकादशीला कित्येक घरांत चालत नाहीत, कारण नावात तांदूळ आहे. काही घरांत उपवासाला भेंडी चालते. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू भेंडी मीच तिथे नेऊन दिली आहे. नवरात्रात कोणी नऊ दिवस धरतं, कोणी उठता-बसता म्हणजे पहिला आणि शेवटचा, आणि कोणी धान्यफराळ करतं. धान्यफराळात धान्य खायचं, पण आधी भाजून. भाजल्याने धान्याचा दोष जातो की आपला, याबद्दल एकमत नाही. खरी तारांबळ उडते लग्न झालेल्या मुलीची. सासरी गेल्यावर आडनावाच्या आधी तिची कोथिंबीर बदलते. माहेरी वीस-पंचवीस वर्षं जो उपवास निर्दोष मानला गेला तो सासरी पहिल्याच संकष्टीला मोडलेला असतो, आणि तो मोडल्याचं तिला जेवून झाल्यावर कळतं.

यात आणखी गुंता म्हणजे एकादशीच कधीकधी दोन असतात, एक स्मार्त आणि एक भागवत. १७९० च्या सुमारास काशीनाथशास्त्री उपाध्यांनी ‘धर्मसिंधु’ लिहिला, त्यात एकादशी नेमकी कोणत्या दिवशी धरायची याचा भरपूर खल आहे. दशमीचा वेध कुठवर, द्वादशी किती उरते, कोणी कोणती धरायची. त्या काळी हा मोक्षाचा प्रश्न होता. आता पंचांगात दोन दिवस दिसले की एवढंच विचारलं जातं, की यातला ऑफिसच्या पार्टीचा दिवस कोणता. आजोबा भागवत आणि नातू स्मार्त असेल तर त्या घरात लागोपाठ दोन दिवस खिचडी होते, आणि दोन्ही दिवशी ती दोघेही खातात.

सर्वांत तर्कशुद्ध व्रत मला ऋषिपंचमीचं वाटतं. भाद्रपद शुद्ध पंचमीला बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही. हाताने खणून, परसात लावून वाढवलेल्या भाज्यांची ऋषीची भाजी करायची. माणसाने वर्षातून एक दिवस तरी दुसऱ्याच्या मानेवरचं जू आठवावं, ही कल्पना कोणाही तत्त्वज्ञाला शोभेल. पण मधल्या काळात ट्रॅक्टर आला. आता नांगरट ट्रॅक्टर करतो, पेरणी ट्रॅक्टर करतो, मळणी यंत्र करतं, माल ट्रकने येतो. बैलाने त्या गव्हाला शिंगसुद्धा लावलेलं नसतं. मग ऋषिपंचमीला पोळी का चालू नये? हा मुद्दा मी आत्यापुढे मांडला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, “मग उद्यापासून डिझेलचा उपवास धर.” विचार केला तर हे व्रत फार अवघड आहे. डिझेलच्या श्रमाचं खायचं नाही म्हटलं, तर शहरातल्या माणसाला कुंडीतल्या तुळशीवर दिवस काढावा लागेल.

हे सगळे निकाल बायकांनी द्यायचे, बायकांनी लक्षात ठेवायचे आणि अमलातही त्यांनीच आणायचे, ही यातली गंमत आहे. गंमत अर्थात पुरुषांची. घरात एकाचा उपवास असला की स्वयंपाक एक नसतो, दोन होतात. उपवासाची भांडी वेगळी, पळी वेगळी, तेलसुद्धा आधी तळलेलं नको. उपवास करणारा ‘मला काय, थोडंसं काहीतरी’ म्हणतो आणि त्या थोड्याशा काहीतरीसाठी बटाटे उकडावे लागतात, दाणे भाजून सोलून कुटावे लागतात, काकडी कोचावी लागते. पुण्य त्याच्या खात्यावर, कूट हिच्या हातावर. हरतालिकेला तर हिचा स्वतःचाच उपवास असतो, कित्येकींचा पाण्याविना. आणि दुसऱ्या दिवशी गणपती! म्हणजे त्याच रिकाम्या पोटी नारळ खवायचे, सारणाची तयारी करायची, पाहुण्यांच्या चहाचं आधण ठेवायचं. नैवेद्याचं म्हणून सारणाची चवही घ्यायची नाही. गूळ पुरेसा पडला की नाही ते वासावरून आणि रंगावरून ओळखायचं. ज्याला दीर्घायुष्य मिळावं म्हणून हे चाललेलं असतं, तो बाहेरच्या खोलीतून विचारतो, “जेवायला वेळ आहे का गं अजून?” इंद्रियनिग्रहावर ग्रंथ लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी उपाशीपोटी दुसऱ्यांसाठी एकवीस मोदकांचं सारण ढवळलं असेल, याची मला शंका आहे.

संकष्टीचा उपवास वेगळ्या जातीचा. इथे प्रश्न काय खायचं हा नसून केव्हा खायचं हा आहे, आणि उत्तर चंद्रावर अवलंबून आहे. ‘कालनिर्णय’ १९७३ पासून निघतं. भिंतीवरच्या अशा दिनदर्शिकेत सहसा उघड्या पडणाऱ्या जागा दोन: मागच्या पाककृती आणि पुढचे चंद्रोदय. रात्री साडेआठपासून घरातले लोक गच्चीत जाऊन पूर्वेकडे पाहू लागतात. एरवी या लोकांनी चंद्राकडे कोजागरीखेरीज कधी मान वर केलेली नसते. श्रावण-भाद्रपदात ढग असतात, तेव्हा दिनदर्शिकेवर विश्वास ठेवून पानं वाढली जातात. आकाशापेक्षा छापील आकड्याला जास्त अधिकार देणारा हा बहुधा एकमेव धार्मिक विधी असेल. यात नागपूरकरांवर निसर्गाने मेहेरनजर केली आहे. नागपूर मुंबईच्या सहा अंश पूर्वेला असल्यामुळे तिथे चंद्र सुमारे वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो. नागपूरच्या मेहुण्याने मोदक फोडून ‘आमचं झालं’ असा फोन करावा आणि मुंबईच्या माणसाने तो उपाशीपोटी ऐकून घ्यावा, यासारखं प्रादेशिक असंतुलन विधानसभेतसुद्धा कधी चर्चेला आलेलं नाही.

हे झाले एका दिवसाचे उपवास. चातुर्मासात प्रकरण लांबतं. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा, लसूण, वांगी बंद. या त्यागाची तयारी कशी करायची, याबद्दल आपल्या पूर्वजांनी स्पष्ट मार्गदर्शन केलेलं आहे. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, कांद्याची पीठ पेरून भाजी, भरल्या कांद्याची रस्साभाजी असं सगळं खाऊन घ्यायचं. सोडणाऱ्याला आपण काय सोडतो आहोत याची पूर्ण कल्पना असावी, हा त्यामागचा उदात्त हेतू. वांगी मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाच्या साक्षीने भरीत होऊन परत येतात. गटारीबद्दल मी काही लिहीत नाही. त्या विषयातले जाणकार दुसऱ्या दिवशी बोलण्याच्या अवस्थेत नसतात.

चार महिन्यांवरही ज्यांचं समाधान होत नाही ते काशीला किंवा गयेला जातात. तिथे एखादी आवडती वस्तू जन्मभरासाठी सोडायची पद्धत आहे. ‘आवडती’ हा शब्द प्रवासात कुठेतरी गाळला जातो. आमच्या ओळखीतल्या जवळजवळ सर्व यात्रेकरूंनी गंगेच्या साक्षीने कारलं सोडलं आहे. काहींनी तोंडली. एका काकांनी दुधीभोपळा सोडला आणि घरी आल्यावर पहिल्याच दुधीच्या भाजीला हात जोडून म्हणाले, “काय करू, शब्द दिलाय.” त्यांच्या चेहऱ्यावर मला त्या क्षणी जी शांती दिसली, ती मोक्षाच्या फार जवळची असावी. एका बाईंनी राग सोडला. परतीच्या प्रवासात वरचा बर्थ मिळाल्यावर तो त्यांना परत घ्यावा लागला.

अपवाद शेजारच्या नानांचा. नानांनी खरोखर आंबा सोडला. कोकणात जन्मलेल्या माणसाने हापूस सोडायचा म्हणजे काय, हे मे महिन्यात त्यांच्याजवळ बसल्याशिवाय कळणार नाही. नाना आंबा खात नाहीत. बाकी आंब्याचं सगळं करतात. मार्चपासून मोहोराची बातमी त्यांच्याकडे असते. पेटी फोडायला नाना, आढी लावायला नाना, कोणता आज कापायचा आणि कोणता परवा, हे देठाकडचा वास घेऊन सांगायला नानाच. देवगडचा आणि रत्नागिरीचा यांत बाजारात फसवणूक होते म्हणून सोसायटीतले लोक खरेदीला त्यांना बरोबर नेतात. जेवताना दुसऱ्याच्या वाटीतल्या आमरसाकडे पाहून ते म्हणतात, “थोडा आंबट लागत असेल, नाही? शेवटच्या पेटीतला दिसतोय.” आणि तो आंबटच असतो. जिभेने सोडलेला आंबा नाकात, डोळ्यांत आणि बोटांच्या टोकांत जाऊन राहिला आहे. खात होते तेव्हा त्यांचा आंब्याचा अभ्यास याच्या निम्माही नव्हता, असं त्यांच्या बायकोने मला सांगितलं.

श्रीकृष्णाला नाना माहीत असावेत. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात त्याने अर्जुनाला हेच सांगितलंय, की आहार सोडणाऱ्यापासून विषय दूर होतात, गोडी मात्र मागे राहते. परतत्त्वाचं दर्शन झाल्यावर तीही जाते. नानांना अजून हापूसचंच दर्शन होतं. तिसऱ्या अध्यायात तर हातपाय आवरून मनात विषय घोळवत बसणाऱ्याची सरळ हजेरी घेतली आहे, आणि सहाव्यात अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, असं दोघांना एका ओळीत बसवलं आहे. हे अध्याय आपल्याकडे उपवासाच्या दिवशी मोठ्याने म्हणतात. वेग चांगला असतो, त्यामुळे कोणाला काही लागत नाही.

हल्ली जिभेबरोबर वाणीही आवरण्याकडे ओढा आहे. इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर असतं: पहाटे चारला घंटा, सकाळी अकराला जेवण, संध्याकाळी पाचला नव्या साधकाला चहा आणि फळं, की मग थेट दुसऱ्या दिवशीची न्याहारी. बोलायचं नाही, फोन नाही, वाचायचं-लिहायचंही नाही. हे लोक मनापासून करतात आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. फक्त त्यांच्याबरोबर इगतपुरी ते दादर असा परतीचा प्रवास करू नये. दहा दिवसांचं आर्य मौन ते कसाऱ्याच्या आत भरून काढतात.

ज्यांना परमार्थ परवडत नाही त्यांना आता विज्ञान मदतीला आलं आहे. २०१६ चं वैद्यकाचं नोबेल जपानच्या योशिनोरी ओसुमींना मिळालं आणि त्या आठवड्यापासून प्रत्येक कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकादशीला नोबेल मिळाल्याची बातमी फिरते आहे. ओसुमींनी उपाशी ठेवलं होतं ते यीस्टच्या पेशींना. उपाशी पेशी स्वतःचेच निकामी भाग मोडून कशा वापरतात, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. त्या पेशींना साबुदाणा वडा दिलेला नव्हता. हा तपशील मी गटावर लिहिला, तेव्हा एका मावसभावाने उत्तरादाखल दुसऱ्या एका उपवासाचं नोबेल पाठवलं.

उपाशी राहण्याचा उपयोग दुसऱ्यावर करण्याची कलाही आपल्याकडे प्रगत आहे. तिचं सर्वांत सुखकर रूप म्हणजे साखळी उपोषण. यात भूक पाळीपाळीने वाटून घेतात: आज पाच जण, उद्या दुसरे पाच. मंडपाच्या मागे काल सुटलेले वडापाव खात असतात. हे पाहून हसू येतं, पण याच महाराष्ट्रात साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषणाला बसले होते. ज्या गावात आषाढी-कार्तिकीला लाखो लोकांचा उपवास असतो, तिथे विठ्ठलाचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून ते अन्नाशिवाय राहिले, आणि देऊळ खुलं झालं. त्या दिवसांत पंढरपुरात एकादशी कितीजणांनी धरली असेल आणि त्यातल्या कितीजणांनी गुरुजींना शिव्या दिल्या असतील, हा हिशेब मांडायला मला आवडेल. आत्या म्हणते, नको, जेवणाआधी नको.

कायद्यातल्या पळवाटांबद्दल एवढं लिहिलं, तर त्यांचा मूळपुरुष सांगायलाच हवा. तो भागवताच्या नवव्या स्कंधात भेटतो. राजा अंबरीषाने वर्षभर एकादशी-द्वादशीचं व्रत केलं. कार्तिकात तीन रात्रींचा उपवास करून द्वादशीला पारणं फेडायला बसणार, तोच दुर्वास ऋषी दारात. राजाने जेवायचा आग्रह केला. ते ‘आलोच’ म्हणून यमुनेवर स्नानाला गेले आणि ध्यान लावून बसले. इकडे द्वादशी संपत आली. द्वादशीत पारणं केलं नाही तर व्रताला दोष, पाहुण्याआधी जेवलं तर अतिथीचा अपमान. राजाने पंडितांना विचारलं. पंडित म्हणाले, पाणी प्यावं: पाणी पिणं म्हणजे खाल्ल्यासारखंही आहे आणि न खाल्ल्यासारखंही. चहाची परंपरा इतकी जुनी आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? राजा पाण्याचा घोट घेतो. दुर्वास येतात, कळतं, भडकतात, जटा उपटून त्यातून एक राक्षसी उभी करतात. विष्णूचं सुदर्शन तिला जाळतं आणि ऋषींच्या मागे लागतं. पळता पळता ब्रह्मदेव झाले, शंकर झाले, शेवटी विष्णू. विष्णू म्हणाले, राजाचीच क्षमा माग. यात वर्ष गेलं. आणि पाहुणा जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही म्हणून राजा ते वर्षभर नुसत्या पाण्यावर वाट पाहत थांबला होता. मग दुर्वास परतले, पोटभर जेवले, राजाला म्हणाले, आता तू जेव, आणि राजा जेवला.

ही कथा मी आत्याला सांगितली. दुर्वासांचा कोप, सुदर्शन, तिन्ही लोकांतली धावपळ यांतलं काही तिला विशेष वाटलं नाही. ती शेवटाशी अडली.

“वर्षभर पाण्यावर राहिलेल्या माणसाला एकदम पक्वान्नं वाढली?”

“राजा होता गं तो.”

“राजा असला म्हणून आतडी वेगळी असतात का? आधी पेज द्यायची. मऊ भाताची, वर तूप सोडून. कोणी बाई नव्हती का रे त्या वाड्यात?”